पडद्यावरचे क्रीडावृत्त आणि नगरचा क्रीडारसिक : एक आढावा

२०२५ सालच्या २९ जानेवारीपासून २ फेब्रुवारीपर्यंत अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली आणि पुरते दोन महिने लोटण्यापूर्वी, मार्चच्या २६ ते ३० तारखांच्या दरम्यान, ह्याच जिल्ह्यातील कर्जत येथे त्याच नावाची दुसरी स्पर्धा भरली. पहिलीचा किताब पृथ्वीराज मोहोळ ह्यांनी मिळवला, दुसरीचा वेताळ शेळके ह्यांनी. ज्या जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रा कुस्त्यांच्या हगाम्यावाचून पुऱ्या होत नाहीत, ज्याच्या तालमींत आजही पहाटेच्या अंधारात लाल मातीत मेहनत चालते, त्या जिल्ह्यास एकाच हंगामात मानाच्या दोन गदा आपल्या भूमीवर उंचावल्या जाताना पाहावयास मिळाल्या, ही गोष्ट क्रीडारसिकांच्या दृष्टीने अपूर्व होती. आणि म्हणूनच ह्या दोन स्पर्धांची बातमी पडद्यावरून घरोघर कशी पोहोचली, तिच्यात काय होते आणि काय नव्हते, ती पाहून जाणत्या प्रेक्षकाच्या मनात काय उमटले, ह्याचा विचार करू लागले म्हणजे मराठी क्रीडावृत्ताच्या आजच्या स्थितीचा प्रश्न त्याच्या सर्व अंगांसह समोर उभा राहतो.

प्रश्न नीट मांडावयाचा तर प्रारंभीच एक भेद केला पाहिजे. सामन्याचे प्रक्षेपण ही एक गोष्ट आहे आणि सामन्याचे वृत्त ही दुसरी. प्रक्षेपणात घडणारी गोष्ट घडताना दिसते. वृत्तात घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा, क्रम, कारण आणि महत्त्व सांगावयाचे असते. गेल्या चार दशकांत प्रक्षेपणाने जी प्रगती केली तिच्याविषयी रसिकांत फारसे दुमत नाही: चेंडूची शिवण दिसते, पंचाचा निर्णय पुन्हा पुन्हा तपासता येतो, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीविषयी. सायंकाळच्या बातमीपत्रात खेळास मिळणारी दोन-तीन मिनिटे, वृत्तवाहिन्यांवरील चर्चा, स्पर्धेच्या ठिकाणाहून बोलणारा बातमीदार, ह्या सर्वांचा मिळून जो ऐवज प्रेक्षकाच्या पदरात पडतो, तो चार कसोट्यांवर पारखला जातो. बातमी खरी आहे काय? पुरी आहे काय? जाणत्याने सांगितलेली आहे काय? आणि निरनिराळ्या खेळांमध्ये व खेळाडूंमध्ये तिने योग्य प्रमाण राखले आहे काय? रसिकांची मते कितीही विखुरलेली असली तरी ती ह्या चार प्रश्नांच्या बाहेर सहसा जात नाहीत.

ह्या कसोट्या आजच्या नव्हेत. मराठी वाचकाने आणि श्रोत्याने त्या पडदा येण्यापूर्वीच घडविलेल्या आहेत. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारतास वैयक्तिक स्पर्धेतील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेव्हा ते पाहण्याचे साधन ह्या देशात नव्हते. तरीही बातमी कऱ्हाड परिसरात अशी रुजली की गोळेश्वरच्या ह्या पैलवानाची मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांनिशी निघाली. पुढे बाळ ज. पंडित ह्यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन करून, डोळ्यांपुढे नसलेला सामना केवळ शब्दांनी उभा करता येतो हे सिद्ध केले. १९६२ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकर ह्यांनी क्रीडावृत्तास स्वतंत्र पानाची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो, कुस्ती ह्यांनाही त्यांचा हक्काचा मजकूर दिला. संघटकांच्या कारभाराची झाडाझडती घेणे हे क्रीडापत्रकाराचे कर्तव्यच आहे, हा दंडकही त्यांच्या लेखणीने घालून दिला. नगरच्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या रसिकाशी बोलावे तर तो आजच्या वाहिनीची तुलना दुसऱ्या वाहिनीशी करीत नाही. तो ती त्या आवाजाशी आणि त्या पानाशी करतो. त्याची अपेक्षा उंच आहे, कारण ती एकदा पुरी झालेली आहे.

पडद्याचा इतिहास त्यानंतरचा. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२च्या दिल्ली येथील आशियाई खेळांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले. १९८३च्या क्रिकेट विश्वचषकानंतर दूरचित्रवाणी संच ही चैन न राहता कुटुंबाची गरज बनू लागली, आणि १९८४च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरत गेल्यावर जिल्ह्याच्या गावांतही पडदा उजळला. त्या काळचे क्रीडावृत्त तुटपुंजे होते, चित्रे थोडी, वेळ थोडा आणि विषयांची निवड सरकारी चाकोरीतील. परंतु ते संथ आवाजात सांगितले जाई, निकाल स्पष्ट असे आणि सांगणाऱ्यास आपल्या शब्दांची जबाबदारी वाटत असे. ह्या काळाविषयी आज जे हळवेपण दिसते त्यात स्मृतीचा गोडवा बराच आहे हे मान्य करूनही, त्या संयत भाषेची आठवण रसिक काढतात ती अकारण काढतात असे म्हणता येणार नाही.

यानंतर खेळाच्या चित्रावर मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायासनापुढे गेला. १९९३च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून क्रिकेट संघटना आणि सरकार ह्यांच्यात जो वाद पेटला, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. त्या निकालपत्रातील प्रमुख लेखन न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांचे, म्हणजे एका मराठी न्यायाधीशाचे, आणि ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे त्यातील तत्त्व. ह्या तत्त्वाने सरकारची मक्तेदारी मोडली. परंतु रिकाम्या झालेल्या जागी खासगी इजारे आले. २००७च्या कायद्याने, केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित केलेल्या स्पर्धांचे चित्र प्रसारभारतीला देण्याची सक्ती करून जाहिरातीच्या उत्पन्नाची ७५:२५ अशी वाटणीही ठरवून दिली, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतेच मर्यादित ठेवले आणि केबलचालकांमार्फत ते पोहोचविण्याचा मार्ग बंद केला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांची एकूण किंमत ४८,३९० कोटी रुपये झाली, ह्या एका आकड्यावरून खेळाचे चित्र हा आता केवढ्या मोलाचा जिन्नस झाला आहे ह्याची कल्पना येते. ज्याने हक्क घेतले त्याच्याकडे चित्र. इतर वाहिन्यांच्या बातमीपत्रांना काही सेकंदांचे तुकडे, स्थिर छायाचित्रे, किंवा स्टुडिओत बसून केलेले वर्णन. बातमीत परक्या मालकीचे चित्र किती वापरावे ह्यावर खटलेही झाले. वृत्तवाहिन्या खेळाऐवजी खेळाभोवतीच्या गोष्टी दाखवितात ह्या तक्रारीचे एक मूळ येथे आहे, आणि निःपक्षपाती आढाव्याने ते ध्यानात घेतलेच पाहिजे.

मराठी वृत्तवाहिन्यांचा उदय २००७-०८च्या सुमारास झाला. झी २४ तास, पुढे एबीपी माझा झालेली स्टार माझा, पुढे न्यूज १८ लोकमत झालेली आयबीएन लोकमत, साम, टीव्ही ९ मराठी, अशा वाहिन्या थोड्याच वर्षांत उभ्या राहिल्या, आणि चोवीस तासांची बातमी मराठीत मिळू लागली. जिल्ह्यांत बातमीदार नेमले गेले, तालुक्याचे नाव पडद्यावर दिसू लागले, मुंबई-पुण्याबाहेरच्या मैदानाचे चित्र क्वचित का होईना राज्याला दिसू लागले. हा लाभ लहान नाही. वाडिया पार्कवरील कुस्त्या राज्यभर पाहिल्या गेल्या त्या ह्याच यंत्रणेमुळे. मात्र त्या पाहिल्या जाताना काय घडले, तेथून रसिकांच्या तक्रारींची खरी सुरुवात होते.

त्या स्पर्धेच्या गादी विभागातील निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे समोरासमोर आले. पंचांनी राक्षे चीतपट झाल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असे राक्षे ह्यांचे म्हणणे पडले. वाद वाढला, आणि राक्षे ह्यांनी पंचांची कॉलर धरून त्यांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड ह्यांनी अखेरच्या क्षणी मैदान सोडले आणि गदा मोहोळ ह्यांच्याकडे गेली. राक्षे आणि गायकवाड ह्या दोघांवर तीन-तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. ही घटना गंभीर होती आणि ती दाखविणे हे बातमीदाराचे कामच होते, ह्याविषयी कुणी वाद घालीत नाही. रसिकांचे म्हणणे असे की, लाथ जितक्या वेळा दाखविली गेली त्याच्या एका अल्प अंशानेही तो मूळ क्षण, म्हणजे खांदे टेकले की नाही हा क्षण, थांबवून, उलगडून, जाणत्या वस्तादाकडून समजावून दाखविला गेला नाही. निर्णय बरोबर असेल तर तो का बरोबर, चूक असेल तर कोठे चूक, चीतपटीचा नियम काय, चित्रफितीची फेरतपासणी मागण्याचा अधिकार कोणास आणि केव्हा, हे सांगितले असते तर प्रेक्षक शहाणा झाला असता. लाथ पुन्हा पुन्हा पाहून तो केवळ क्षुब्ध झाला.

ह्याला जोडूनच दुसरी तक्रार येते, आणि ती अपुरेपणाची आहे. एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी कसे झाले? एक स्पर्धा राज्य कुस्तीगीर संघाची आणि दुसरी राज्य कुस्तीगीर परिषदेची, एवढे समजले. परंतु ही दुफळी कशातून आली, कोणाच्या मान्यतेचा आधार काय, पैलवानाच्या नोकरीच्या आणि मानधनाच्या हिशोबात कोणता किताब धरला जातो, तालमीत घाम गाळणाऱ्या पोराने कोणत्या दरवाजाने आत जावयाचे, ह्याचा खुलासा बातमीत फार थोडा झाला. किताबाच्या लढतीखेरीज निरनिराळ्या वजनगटांत जे जिंकले त्यांची नावेही अनेक घरांपर्यंत पोहोचली नाहीत. ज्या गावच्या पोराने वजनगटात पदक आणले त्या गावाला ती बातमी फोनवरून कळावी आणि राज्याला कळूच नये, ह्याचे दुःख मोठे आहे. व्यासपीठावर कोणते मंत्री आले, विजेत्यास कोणती मोटार मिळाली, हे मात्र तपशिलाने कळले. बक्षिसाची मोटार ही बातमी नव्हे असे कुणी म्हणत नाही, पण ज्या डावाने ती मिळाली तो डाव मोटारीपेक्षा मोठी बातमी आहे, हे कुस्ती जाणणाऱ्या कोणत्याही माणसास पटावे.

तिसरी तक्रार प्रमाणाची. २०२५च्या त्याच जानेवारीत, १९ तारखेस, दिल्ली येथे खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी नेपाळवर मात करून अजिंक्यपद मिळवले. पुरुषांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांच्या कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. ज्या खेळाचे नियम ह्याच महाराष्ट्राने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले, त्याच्या पहिल्या विश्वविजयाची बातमी अभिनंदनाच्या एका लाटेबरोबर आली आणि तशीच ओसरली. त्याच महिन्यात वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे श्रीगोंदे तालुक्याच्या भाग्यश्री फंड ह्यांनी महिला महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. नगर जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासातील हे एक मानाचे पान, पण त्यानंतर काही दिवसांतच वाडिया पार्कवरच्या लाथेने जी जागा व्यापली तिच्या तुलनेने ह्या किताबाच्या वाट्यास आलेली जागा नगण्य होती. येथे लक्षात ठेवण्यासारखे हे की, ही उणीव केवळ आपली नव्हे. अमेरिकेत चेरिल कुकी, मायकेल मेस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे दूरचित्रवाणीवरील क्रीडावृत्ताची नियमित मोजदाद केली, तेव्हा शेवटच्या वर्षीही महिलांच्या खेळास मिळालेला वेळ पाच टक्क्यांच्या आसपासच आढळला. महिलांचा सहभाग वाढत गेला, प्रेक्षक वाढत गेला, बातमी मात्र जागची हलली नाही. आपल्याकडे अशी दीर्घ मोजदाद चालविण्याचे काम एखाद्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने अंगावर घ्यावे इतके ते महत्त्वाचे आहे.

प्रमाणाचा प्रश्न केवळ क्रिकेट विरुद्ध इतर खेळ असा मांडणे सोपे आहे. पण नगरचा रसिक तो तसा मांडत नाही, कारण क्रिकेटवर त्याचेही प्रेम आहे आणि त्या प्रेमास अभिमानाचा आधार आहे. २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेणारे झहीर खान श्रीरामपूरचे. २०२०-२१च्या मालिकेत मेलबर्नला शतक ठोकून जखमी संघास ब्रिस्बेनच्या विजयापर्यंत नेणारे अजिंक्य रहाणे मूळचे संगमनेर तालुक्यातील. तक्रार आहे ती अशी की, क्रिकेटलाही बातमीत न्याय मिळत नाही. मेलबर्नच्या त्या शतकाची बांधणी कशी झाली, कोणता गोलंदाज कसा खेळून काढला, ह्यापेक्षा संघनिवडीचे तर्क, कोण कोणावर रागावला ह्याच्या वावड्या आणि खेळाडूच्या घरातील समारंभ ह्यांनी वेळ भरला जातो. क्रिकेटला वेळ फार मिळतो आणि तरीही क्रिकेट फार थोडे सांगितले जाते.

शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे ह्यांची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ह्या शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक त्यांच्यापासून अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले, आणि केनियाच्या धावपटूंनी वर्षानुवर्षे राखलेल्या पदकांच्या रांगेत त्यांनी शिरकाव केला. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आले. पदक आले त्या दिवशी वाहिन्यांच्या गाड्या त्यांच्या गावाच्या रस्त्याला लागल्या. परंतु ह्या शर्यतीत अडथळे किती, पाण्याची उडी कशी, केनियाचे धावपटू एकजुटीने धावतात तेव्हा एकट्याने काय करावयाचे, दोन पदकांच्या दरम्यानच्या सरावाची वर्षे कशी जातात, ह्याचे वृत्त कोणी सातत्याने दिले? खेळाडूचा निकाल सांगितला जातो, त्याचा खेळ सांगितला जात नाही. आणि खेळ न कळल्यामुळे पुढच्या पराभवाच्या दिवशी तोच प्रेक्षक अन्यायाने निष्ठुर होतो.

चौथी तक्रार जाणकारीची आणि भाषेची. कुस्तीच्या फडात हलगीच्या तालावर बोलणारा निवेदक पैलवानाचे गाव, वस्ताद, तालीम, मागच्या कुस्त्या आणि आवडता डाव मुखोद्गत सांगतो. शंकर पुजारी ह्यांच्यासारख्यांनी ह्या निवेदनास कलेची प्रतिष्ठा दिली. त्यांना ऐकून तयार झालेला कान ढाक आणि घिस्सा ह्यांत, एकलंगी आणि भारंदाज ह्यांत फरक जाणतो. पडद्यावरील बातमीत मात्र डावाचे नाव सहसा येत नाही. "जोरदार टक्कर", "धूळ चारली", "आस्मान दाखवले" एवढ्यावर भागविले जाते. कुस्तीचे नियम, गुणांची मोजणी, मातीतील आणि गादीवरील कुस्तीतला भेद ह्यांचे किमान ज्ञान नसलेल्या बातमीदारास आखाड्याच्या कडेला उभे करणे हा त्या बातमीदारावरही अन्याय आहे. काल अपघात, आज मोर्चा आणि उद्या कुस्ती, असे एकाच माणसाने सांभाळावे ही व्यवस्थाच सदोष होय.

पाचवी तक्रार खरेपणाची, आणि ती वेगाशी निगडित आहे. सर्वांच्या आधी सांगण्याच्या चढाओढीत निवडीच्या, निवृत्तीच्या आणि दुखापतीच्या वार्ता तपासाविना सोडल्या जातात आणि त्या चुकल्या तर दुरुस्ती त्याच ठसठशीतपणे येत नाही. ह्याच खरेपणास जाहिरातींचीही बाधा होते: पैशाच्या खेळांच्या जाहिरातींनी क्रीडाकार्यक्रमांना अनेक वर्षे वेढले होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांना मनाई करणारा कायदा केल्यावर तो वेढा सैल झाला, ह्याचे स्वागत पालकवर्गाने मनापासून केले. बातमी आणि जाहिरात ह्यांतील सीमा पुसट झाली की खऱ्या बातमीवरचाही विश्वास उडतो, हे तत्त्व मात्र ह्या एका कायद्याने संपणारे नाही.

आता दुसऱ्या पक्षाची कैफियत ऐकली पाहिजे. वाहिनीचा चालक म्हणतो की प्रेक्षक बोलतो एक आणि पाहतो दुसरे. लाथेचे चित्र लावले की आकडे वर जातात, डावाचे विवेचन लावले की खाली येतात. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. प्रेक्षकसंख्येचे मापन देशभरातील निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून होते, आणि ह्या मापनाच्या विश्वासार्हतेविषयीच इतका वाद झाला की वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत जाहीर करणे थांबवावे लागले होते. शिवाय कोणी काय पाहिले एवढे यंत्र सांगते. पाहून समाधान झाले की संताप आला, हे त्यात नोंदले जात नाही. जिल्ह्याच्या बातमीदारास तुटपुंजे मानधन, प्रवासखर्चाची ओढाताण, चित्राचे हक्क दुसऱ्याकडे आणि संपादकाचा आग्रह मोठ्या मथळ्याचा, ह्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांची जाणीव ठेवूनच टीका झाली पाहिजे. जो तरुण बातमीदार उन्हात दिवसभर आखाड्याच्या कडेला उभा राहतो त्याच्या कष्टांविषयी रसिकांच्या मनात आदर आहे. दाद मागावयाची आहे ती त्याच्यावर बसलेल्या व्यवस्थेकडे.

रसिकही एकमुखी नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. तरुण पिढीचा मोठा भाग बातमीपत्राची वाटच पाहत नाही. निकाल फोनवर मिळतो, क्षणचित्रे तेथेच मिळतात, आणि त्यांच्या दृष्टीने सायंकाळचे वृत्त शिळे असते. त्यांच्यापैकी अनेकांना पडद्यावरील चर्चेतील आवेश आवडतो, कारण त्यात पक्ष घेता येतो. वडीलधाऱ्यांना नेमका तोच आवेश असह्य वाटतो. खेळणाऱ्या मुलींना आपल्या खेळाचे चित्र दिसत नाही ह्याची खंत आहे, तर खेड्यातील कुस्तीशौकिनाला चित्र दिसते पण त्यातले शहाणपण दिसत नाही ह्याची. ह्या मतभेदांच्या मुळाशी मात्र एक समान मागणी आढळते: आम्हाला खेळ समजावून सांगा. तरुण ती आकडेवारीच्या भाषेत करतो, वृद्ध ती डावांच्या भाषेत करतो, एवढाच फरक.

ही मागणी पुरी केली तर प्रेक्षक मिळतो, ह्याचा पुरावा आपल्याच डोळ्यांपुढे आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा शहरी प्रेक्षक ह्या खेळाकडे वळेल असे फार थोड्यांस वाटत होते. चढाईची वेळ पडद्यावर मोजून दाखविली, पकडीचे प्रकार नावानिशी समजावले, खेळाडूची ओळख त्याच्या खेळातून करून दिली, आणि ज्या खेळास शाळेच्या पटांगणापुरता मानले जात होते तो लक्षावधी घरांत गेला. २०२३च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन ठेवले, त्यांत मराठीही होती. केदार जाधव त्या वर्षी मराठी समालोचन करता करता बेंगळूरच्या संघात दाखल होऊन प्रत्यक्ष मैदानात उतरले. स्वतः खेळलेला माणूस मायबोलीत खेळ सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या समजुतीत किती फरक पडतो, हे त्या हंगामात अनेकांनी अनुभवले. तेव्हा दर्जा आणि लोकप्रियता ह्यांचे वैर असते हा समज ह्या दोन उदाहरणांनी खोटा ठरविला आहे.

ह्या सर्व विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा: पडद्यावर खेळ फार थोडा आहे किंवा क्रिकेट फार आहे, एवढी रसिकांची तक्रार उथळ नाही. खेळाची बातमी खेळाबाहेरच्या गोष्टींनी व्यापली आहे, आणि निकालामागचे कारण सांगण्याचे व्रत वृत्तवाहिन्यांनी सोडले आहे, ही ती तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तिचे निवारण अशक्य नाही. प्रत्येक मराठी वृत्तवाहिनीने आठवड्यातून निदान एक अर्धा तास केवळ महाराष्ट्रातील स्पर्धांसाठी राखून ठेवावा, आणि त्यात वजनगटाचे, महिलांचे व शालेय स्पर्धांचे निकाल नावानिशी द्यावेत. जिल्ह्याच्या बातमीदारास खेळांच्या नियमांचे प्रशिक्षण मिळावे. त्यासाठी जिल्ह्यातील वस्ताद, क्रीडाशिक्षक आणि निवृत्त पंच ह्यांची मदत घ्यावी, ते आनंदाने येतील. राज्य संघटनांनी आपल्या स्पर्धांच्या चित्रांचे हक्क विकताना बातमीसाठी पुरेशी चित्रे सर्व वाहिन्यांस मोफत देण्याची अट करारनाम्यात घालावी. आणि ध्वनिलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत हे तत्त्व ज्या निकालाने दिले त्याची आठवण ठेवून, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने जिल्हावार क्रीडावृत्ताची कायम तरतूद करावी. नफ्याची चिंता नसलेल्या संस्थेने हे काम करावयाचे नाही तर दुसऱ्या कोणी करावयाचे?

परंतु ह्या शिफारशींची अंमलबजावणी वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या आग्रहावाचून होणार नाही. ज्या बातमीपत्राने गावच्या मुलीच्या पदकास जागा दिली त्यास पत्राने धन्यवाद कळवावेत, ज्याने चूक केली त्याकडे नाव-पत्त्यानिशी, सौम्य पण ठाम शब्दांत लेखी तक्रार करावी, आणि लाथेचे चित्र दहाव्यांदा लागेल तेव्हा वाहिनी बदलावी. नगर जिल्ह्याने हगाम्याच्या फडात वाईट कुस्तीस कधी टाळी दिली नाही; वाईट बातमीसही ती देऊ नये.